थोडी आणि थोडीच

व्यापाऱ्याच्या घरी दोन तराजू असतात. एक पेढीवरचा आणि दुसरा जिभेवरचा. पेढीवरच्या काट्यावर वैधमापन खात्याचा निरीक्षक ठरलेल्या मुदतीत शिक्का मारून जातो. जिभेवरच्या तराजूचा निरीक्षक मात्र ज्याचा त्यानेच व्हायचे असते. हा दुसरा तराजू परक्या भाषेत टांगला की त्याचा पासंग केव्हा ढळतो हे भल्याभल्यांच्या ध्यानात येत नाही. सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याच्या घरात हे कसे ध्यानात आले, त्याची ही हकिकत.

हे घराणे चार पिढ्यांपूर्वी मारवाडातून आले आणि कृष्णाकाठी रुजले. घरातल्या थोरल्या माणसाला सारे बाबूजी म्हणतात. वय ७८. हरिपूरच्या पेवांमध्ये जमिनीखाली हळद साठवली जात असे, तो काळ त्यांनी पाहिलेला. पेव उघडल्यावर आतला माल हाताळून प्रत सांगावी ती बाबूजींनीच, असा पेठेत लौकिक. वजनाच्या बाबतीत ते फार कडक. रोज सकाळी मापाडी कामाला लागण्यापूर्वी काटा रिकामा असताना शून्य दाखवतो की नाही, हे ते स्वतः पाहतात. खोटे तोल आणि खोटे माप हा तिसऱ्या अणुव्रताचा अतिचार. प्रतिक्रमणात रोज उच्चारायचा आणि पेढीवर रोज टाळायचा, असा त्यांचा साधा हिशोब.

मोजमापाच्या शब्दांविषयीचा त्यांचा सावधपणा वडिलांकडून आलेला. वडील सांगत, कोणी मणाचा भाव बोलला की आधी विचारावे, कुठला मण? मुंबईचा मण सुमारे २८ पौंडांचा, तर बंगालचा ८२ पौंडांहून अधिक. शब्द एकच, पण ओझे जवळजवळ तिप्पट. न विचारता होकार देणारा व्यापारी बुडाला तर दोष मणाचा नव्हे, न विचारण्याचा. पुढे १९५६ चा वजनमापांचा कायदा झाला, १९५७ च्या १ एप्रिलपासून दशमान नाणी आली, मागोमाग किलो आणि क्विंटल आले आणि हा घोळ मिटला. बाबूजी तेव्हा शाळकरी होते. ‘कुठला मण?’ हा प्रश्न मात्र त्यांच्या बोलण्यात कायमचा राहिला.

अलीकडे पेढीचा परदेशी पत्रव्यवहार नातू पाहतो. पुण्यात शिकून आलेला, चटपटीत, इंग्रजी बोलताना कुठे न अडखळणारा. त्याच्या बोलण्याचे बाबूजींना मोठे कौतुक. गेल्या वर्षी इंग्लंडमधील एका मसाला खरेदीदाराने ३०० पोती हळकुंडांची मागणी नोंदवली. प्रत्येक पोते ५० किलोंचे, म्हणजे एकूण १५,००० किलो माल. नव्या हंगामाची हळद थोडी कमी पडत होती, म्हणून ४० पोती मागील हंगामाची घालावी लागली. माल चांगला होता, परंतु वर्षभर साठवल्याने रंग किंचित उतरलेला. बाबूजींनी नातवाला बजावून सांगितले, “त्यांना आधी कळव. काही पोती जुन्या हंगामाची आहेत, हे कळल्यावर ते हो म्हणाले तरच माल भरायचा.”

नातवाने कळवले. खरेदीदाराने होकार दिला. माल भरला आणि जहाज निघाले.

दीड महिन्याने आलेले पत्र नातवाने दोनदा वाचले आणि बाबूजींपुढे धरले. भाषा सभ्य होती, आरोप सभ्य नव्हता. आपण फार क्वचित पोती जुनी असल्याचे लिहिले होते, आम्ही त्यावर विसंबलो. प्रत्यक्षात ४० पोती निघाली. यापुढे आपल्या वर्णनावर विश्वास कसा ठेवावा, असा त्याचा मथितार्थ.

नातू चिडला. “दादाजी, आपण लपवलं कुठे? मी स्पष्ट लिहिलं होतं. हे बघा.” त्याने जुने पत्र उघडून दाखवले. त्यात खरोखरच लिहिले होते की ‘फ्यू बॅग्ज’ मागील हंगामाच्या आहेत.

बाबूजींना इंग्रजी वाचता येई, पण बेताचे. त्यांनी शब्दावर बोट ठेवले. “फ्यू म्हणजे काही, थोडी. बरोबर ना?”

“बरोबर,” नातू म्हणाला.

त्या रात्री बाबूजी नीट जेवले नाहीत. पन्नास वर्षांत मालाविषयी तक्रारी आल्या होत्या, भावावरून वाद झाले होते; ‘तुम्ही खोटे सांगितले’ असे कोणी लिहिले नव्हते.

घरातली सून, म्हणजे नातवाची आई, लग्नानंतर अनेक वर्षे शाळेत इंग्रजी शिकवत असे. पेढीच्या कामात तिला कोणी कधी विचारले नव्हते, आणि तिनेही आपणहून तोंड घातले नव्हते. ताट जवळजवळ तसेच परत गेलेले पाहून तिने मुलाकडून ते पत्र मागून घेतले. वाचून झाल्यावर ती बाबूजींच्या खोलीच्या दाराशी आली.

“बाबूजी, एक सांगू? खरेदीदाराचं चुकलेलं नाही. आपल्या पत्रात एक अक्षर राहून गेलं आहे.”

“कोणतं?”

“अ.”

बाबूजींनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. “बस बेटा. नीट सांग.”

सुनेने समजावले ते असे. मराठीत आपण म्हणतो, ‘थोडी पोती जुनी आहेत.’ ऐकणारा समजतो की जुनी पोती आहेत, फार नाहीत, पण आहेत. आणि म्हणतो, ‘थोडीच पोती जुनी आहेत.’ त्या एका ‘च’ने पारडे फिरते. आता ऐकणारा समजतो, जवळजवळ नाहीतच, काळजी नको. इंग्रजीत हाच फरक आहे, परंतु उलट्या वाटेने केलेला. आपण अक्षर जोडून ‘थोडीच’ करतो, ते अक्षर काढून करतात. ‘अ फ्यू’ म्हणजे थोडी. नुसते ‘फ्यू’ म्हणजे थोडीच. सांगायचे होते ‘थोडी आहेत’, लिहिले गेले ‘थोडीच आहेत’.

“म्हणजे आपण खरं सांगायला गेलो आणि खोटं लिहून बसलो,” बाबूजी सावकाश म्हणाले.

नातू दाराशी येऊन उभा होता. त्याला काहीतरी आठवले. मागे आखातातल्या एका व्यापाऱ्याने माल आहे का, असे विचारले होते. गोदामात २० पोती होती. याने उत्तर लिहिले, ‘वी हॅव लिटल स्टॉक.’ त्या व्यापाऱ्याने पुन्हा विचारले नाही. हा समजत राहिला की भाव पटला नसेल.

“लिटललाही हेच लागू,” आई म्हणाली. “‘अ लिटल’ म्हणजे थोडा माल आहे, या. नुसतं ‘लिटल’ म्हणजे थोडाच आहे, नसल्यासारखा. तू दुकान उघडं ठेवून दारावर बंदची पाटी लावलीस.”

बाबूजींना प्रथमच हसू आले. मग त्यांनी व्यापाऱ्याचा प्रश्न विचारला. “पण एकाच थोड्यासाठी यांना फ्यू आणि लिटल असे दोन शब्द कशाला?”

या प्रश्नाचे उत्तर सुनेने व्याकरणाच्या पुस्तकातून दिले नाही. चातुर्मासात स्थानकात महाराजसाहेबांनी ज्ञाताधर्मकथेतील मल्ली अध्ययन सांगितले होते. त्यात चंपानगरीचे अर्हन्नक आदी सागरी व्यापारी जहाजात चार प्रकारचा माल भरतात: गणिम, धरिम, मेय आणि परिच्छेद्य. गणिम म्हणजे मोजून विकायचे, जसे नारळ. धरिम म्हणजे तोलून विकायचे, जसा गूळ. मेय म्हणजे मापाने द्यायचे, जसे तेल-तूप. परिच्छेद्य म्हणजे पारखून घ्यायचे, जशी रत्ने. ते प्रवचन बाबूजींनीही ऐकले होते.

“इंग्रजी भाषा प्रत्येक वस्तूला आधी विचारते,” सून म्हणाली, “तू गणिम आहेस की धरिम? मोजण्याजोगी असेल तर मेनी, फ्यू, फ्यूअर आणि नंबर. तोलण्या-मापण्याजोगी असेल तर मच, लिटल, लेस आणि अमाउंट. मेनी बॅग्ज, पण मच टर्मरिक. फ्यूअर बॅग्ज, पण लेस टर्मरिक. नंबर ऑफ बॅग्ज, पण अमाउंट ऑफ टर्मरिक.”

बाबूजी सरसावून बसले. हे त्यांच्या ओळखीचे निघाले. मराठीत ‘किती पोती’ आणि ‘किती हळद’, ‘कमी पोती’ आणि ‘कमी हळद’. दोन्हीकडे शब्द एकच. म्हणून मराठी माणूस इंग्रजीत ‘लेस बॅग्ज’ लिहून मोकळा होतो. माल गणिम की धरिम हे पेढीवर त्याला झोपेतही कळते. लिहिताना तेवढे विचारायचे राहून जाते.

“मग पैसा?” बाबूजींनी पेच टाकला. “पैसा तर मोजूनच घेतात. गणिमच झाला.”

“रुपये गणिम, पैसा धरिम,” सून म्हणाली. “मेनी रुपीज, पण मच मनी. नाणी आणि नोटा मोजता येतात. ‘मनी’ हा शब्द मात्र राशीसारखा वापरतात. त्याच न्यायाने ‘पाचशे रुपयांपेक्षा कमी’ म्हणताना लेस चालतं, कारण पाचशे ही तिथे एक रक्कम असते. ‘दहा किलोंपेक्षा कमी’, ‘पाच मैलांपेक्षा कमी’, तिथेही लेसच. आणि काही वस्तू आपल्याला गणिम वाटतात, त्या इंग्रजीत धरिम आहेत: फर्निचर, लगेज, इन्फर्मेशन, अ‍ॅडव्हाइस. त्यांचं अनेकवचन करायचं नाही. आपले लोक फर्निचर्स आणि इन्फर्मेशन्स लिहितात, ते म्हणूनच खटकतं.”

नातू आता खाली बसला होता. त्याने शंका काढली, “मम्मी, इंग्रज लोक तरी हे सगळं पाळतात का? तिकडच्या दुकानांतही ‘टेन आयटम्स ऑर लेस’ असं लिहितात.”

आईने ते मान्य केले. मोजण्याजोग्या वस्तूंसाठी लेस वापरण्याची रीत इंग्रजीत हजार वर्षांहून जुनी आहे. रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने १७७० साली अशा ठिकाणी फ्यूअर अधिक शोभते असे आपले मत नोंदवले आणि पुढील वैयाकरणांनी त्या मताचा नियम केला. टेस्को या मोठ्या ब्रिटिश दुकानसाखळीने २००८ साली त्या पाट्यांवरचा वाद टाळण्यासाठी ‘अप टू टेन आयटम्स’, म्हणजे दहा वस्तूंपर्यंत, असे लिहायचे ठरवले. “फ्यूअरच्या जागी लेस लिहिलंस तर वाचणारा फार तर भुवई उंचावेल, व्यवहार बिघडणार नाही. फ्यू आणि अ फ्यूची गोष्ट वेगळी. तिथे अर्थच उलटतो. कोणती चूक कपड्यावरचा डाग आहे आणि कोणती खिशाचं भोक, हे ओळखावं.”

नातवाला आता हायसे वाटले. “म्हणजे एक ‘अ’ राहिला, एवढंच. तसं कळवून टाकतो. त्यांनाही पटेल.”

सून क्षणभर थांबली. पुढचे बोलणे तिला जड जात होते, कारण समोर मुलगा होता. “एवढंच नाही रे. ‘अ फ्यू’ लिहिलं असतंस तरी ते पुरतं खरं झालं नसतं. ‘अ फ्यू’ म्हटल्यावर माणूस चार-सहा, फार तर आठ-दहा पोती धरतो. तीनशेंत चाळीस म्हणजे दर साडेसातांत एक. त्याला इंग्रजीत ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणतात. दिसायला त्यात फ्यू आहे, पण अर्थ बरीच असा. हाही एक चकवाच.”

खोलीत कोणी बोलेना. मग बाबूजींनी नातवाकडे पाहिले. आवाजात राग नव्हता. “बेटा, चाळीस हा आकडा तुला माहीत होता ना?”

“होता, दादाजी.”

“मग आकडाच का लिहिला नाहीस?”

नातू बराच वेळ गप्प राहिला. शेवटी म्हणाला, “चाळीस वाचून ते बिचकतील, असं वाटलं. फ्यू म्हटलं की सौम्य वाटतं.”

त्या कबुलीने सगळ्या प्रकरणाचा खरा काटा समोर आला. ‘अ’ गळाला तो अज्ञानाने. आकडा गळाला तो मात्र नुसत्या अज्ञानाने नव्हे. त्यात मनाचा एक लहानसा, कोणाला दिसणार नाही असा कल होता. खोटे बोलण्याचा हेतू नव्हता. पण खरे जितके मऊ करता येईल तितके करावे, ही इच्छा होती. संख्येचे मोघम शब्द माणसाला सोयीचे वाटतात ते याचसाठी. ‘थोडे’, ‘काही’, ‘बरेच’, ‘साधारण’ हे शब्द बोलणाऱ्याला एक अर्थ ठेवू देतात आणि ऐकणाऱ्याला दुसरा घेऊ देतात. दोघांच्या अर्थांत अंतर पडले की एकाला फसवल्यासारखे होते आणि दुसऱ्याला आपण फसवले हे कळतही नाही. हाताने पासंग ठेवणारा निदान काय करतो ते जाणतो. शब्दाने ठेवणारा पुष्कळदा जाणतही नाही.

बाबूजींनी नातवाला रागावले नाही. ते म्हणाले, “‘काही पोती’ हा शब्द पहिल्यांदा मीच उच्चारला. मलाही चाळीस माहीत होते. म्हणजे चूक दोघांची. उद्या पत्र लिहू. या खेपेस तुझी आई सांगेल आणि तू लिही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पेढीच्या गादीशेजारी सुनेसाठी खुर्ची मांडली गेली. त्या घरात हे प्रथमच घडत होते. पत्र लहान होते. आमच्या पत्रातील शब्द चुकीचा होता आणि त्यामुळे आपला गैरसमज झाला, ही चूक सर्वस्वी आमची. ३०० पैकी ४० पोती, म्हणजे १५,००० किलोंपैकी २,००० किलो माल मागील हंगामाचा आहे. त्या ४० पोत्यांसाठी जुन्या मालाचाच भाव धरावा, फरकाची रक्कम आम्ही परत करू. नातवाने हिशोबात १५ टन असे लिहिले होते. बाबूजींनी आपल्या जुन्या सवयीने विचारले, “कुठला टन?”

प्रश्न जुन्या काळचा वाटला, पण अगदीच चुकीचा नव्हता. मेट्रिक टन १,००० किलोंचा. ब्रिटनचा जुना टन २,२४० पौंडांचा, म्हणजे सुमारे १,०१६ किलोंचा. अमेरिकेतील टन २,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलोंचा. तीन देशांतल्या तीन वाचकांनी टन हा एकच शब्द तीन तऱ्हांनी तोलला असता. सुनेने आणखी एक गोष्ट सांगितली. ‘बिलियन’ म्हणजे पूर्वी ब्रिटनमध्ये लाख कोटी आणि अमेरिकेत शंभर कोटी असे; १९७४ साली पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी सरकारी कामकाजात शंभर कोटींचाच अर्थ धरला जाईल असे जाहीर केले. राष्ट्रांनाही आपल्या मोठ्या संख्यांचा अर्थ एकदा बसून ठरवावा लागला, मग पेढीने का ठरवू नये? नातवाने टन खोडून किलो लिहिले.

बाबूजींनी पत्र पुन्हा वाचून घेतले आणि अखेर विचारले, “मिच्छा मि दुक्कडं याला इंग्रजीत काय म्हणतात?”

सून म्हणाली, “नेमका शब्द नाही, बाबूजी. पण पहिल्या ओळीत आपण तेच लिहिलं आहे.”

खरेदीदाराचे उत्तर चार दिवसांनी आले. दोनच ओळी होत्या. हिशोब मान्य आहे, स्पष्टपणाबद्दल आभार. फरकाची रक्कम पेढीला सोसावी लागली. पुढच्या हंगामात त्याच खरेदीदाराने भाव विचारला, तोही १०० पोत्यांचाच. तुटलेला विश्वास असाच, हप्त्याहप्त्याने परत येतो.

आता त्या पेढीवर पत्र पाठवण्यापूर्वी एक रीत पाळली जाते. मोघम शब्द सापडला की नातू थांबतो आणि स्वतःला तीन प्रश्न विचारतो. वस्तू मोजायची की तोलायची? म्हणायचे आहे ते थोडे की थोडेच? आणि आकडा हाताशी असताना शब्द कशासाठी? पहिल्या प्रश्नाने भाषा शुद्ध होते, दुसऱ्याने अर्थ शुद्ध होतो. तिसरा प्रश्न बाबूजींचा आहे. तो ते आजही कधी कधी नातवाला मोठ्याने विचारतात, आणि हिशोबाची वही मिटताना पुष्कळदा स्वतःलाही.